सूचना : मालवणचा स्कूबा दौरा

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बेटाजवळ स्कूबा डायव्हिंगचा बेत पक्का झाला आहे. शुक्रवारी नागपूरहून विमानाने गोवा, तिथून गाडीने मालवण. पाण्यात शनिवारी सकाळीच उतरायचे आणि परतीचे विमान रविवारी संध्याकाळचे.

"रविवारी सकाळी आणखी एकदा उतरू" असा आग्रह काही जण धरत आहेत. ते जमणार नाही. डायव्हिंगनंतर शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळलेला असतो. लगेच विमानात बसल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधे धरतात, कधी जिवावरही बेतते. एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि एकाहून अधिक झाल्यास 18 तास विमान टाळायचे, हा सर्वमान्य नियम आहे.

सर्दी असेल तर उतरू नका. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो आणि कान सर्वात आधी बोंबलतात. कानांतला दाब सारखा व्हावा म्हणून तोंड मिटून, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, दुखायच्या आधीच, दर मीटरभराला. ही सवय दौऱ्याआधीच, येत्या रविवारी आपल्याच तलावावर करून घेऊ. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी झिरपते; तेही तिथेच कळेल.

दमा, हृदयविकार किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांचे पत्र आणावे, लपवू नये. पोहता येत नसले तरी नवख्यांसोबत प्रशिक्षक असतो. शुक्रवारी रात्री सुरमईवर आवरून ताव मारा. दारू अजिबात नको.

नावे बुधवारपर्यंत सचिवांकडे द्यावीत. तिकिटे एकत्रच काढायची आहेत.