दोन वर्षांच्या कॉलेजातून

मॉन्टरे, कॅलिफोर्निया

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, परवा तू विचारलंस, "इंजिनियर झालेल्या बाईने चाळिशीत समुद्रातले जीव शिकायला दोन वर्षांच्या कॉलेजात कशाला जायचं?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

इथलं कम्युनिटी कॉलेज म्हणजे कुठेच प्रवेश न मिळालेल्यांचं ठिकाण नव्हे. वयाची अट नाही, राज्यातल्या रहिवाशाला फी युनिटमागे, म्हणजे क्रेडिटमागे, 46 डॉलर, आणि दोन वर्षांनी विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. माझ्या शेजारी सैन्यातून परतलेला मुलगा बसतो, मागे सत्तरीच्या निवृत्त नर्सबाई.

बाबा, उन्हाळ्यात इथली मोठी ओहोटी पहाटेची. अमावास्या-पौर्णिमेचा हिशेब तुम्ही शिकवलात तोच. बॅटरी घेऊन पॅसिफिक ग्रोव्हच्या खडकांवर उतरायचं, पाइपची चौकट टाकायची आणि आतला जीव न् जीव मोजायचा. तिथे जांभळा, केशरी तारामासा शिंपल्यावर पाठ वाकवून बसलेला दिसतो. पोटाखाली शेकडो बारीक नळीसारखे पाय. त्यांनी तो शिंपला ओढत राहतो, आणि केसाएवढी फट पडली की स्वतःचं पोटच बाहेर काढून आत सारतो. शिंपला त्याच्याच कवचात पचतो! मी गुडघे टेकून बघतच राहिले.

रॉबर्ट पेन नावाच्या शास्त्रज्ञाने साठच्या दशकात वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर एका पट्ट्यातले हे तारामासे काढून टाकले. शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली, 15 जातींच्या 8 उरल्या. तो निबंध 1966 चा, आम्हाला पहिल्याच महिन्यात वाचायला दिला.

2013 पासून इथले तारामासे रोगाने मरू लागले. हात गळून पडायचे, अंगाचा लगदा व्हायचा. सूर्यफुलासारखा वीसेक हातांचा एक मोठा तारामासा कॅलिफोर्नियातून जवळजवळ नाहीसाच झाला. तो खायचा ते शेवाळ फस्त करणारे काटेरी जांभळे सी अर्चिन मोकाट वाढले, त्यात समुद्रही तापला, आणि उत्तरेकडची केल्पची, म्हणजे उंच समुद्री शेवाळाची, जंगलं नव्वद टक्क्यांहून जास्त गेली. सूर्यफुली तारामाशाला मारणारा जिवाणू 2025 मध्ये ओळखला गेला. पण किती गेलं आणि कुठे गेलं हे कळलं, ते आधीपासून वर्षानुवर्षं त्याच खडकांवर मोजणी करणाऱ्या माणसांमुळे. त्यांत विद्यार्थी होते, हौशी लोकही होते.

आई, मला हेच काम करायचंय. ऑफिसातलं काम वाईट नव्हतं, पण घरी येऊन त्याबद्दल कुणाला सांगावंसं कधी वाटलं नाही. आता जेवताना मी थांबतच नाही, विचार जावयाला.

नोव्हेंबरात सांता क्रूझच्या विद्यापीठाला अर्ज करायचाय. त्याआधी केमिस्ट्रीचा एक पेपर राहिलाय, तो जड जातोय; पण होईल.

जानेवारीत येतेय. पौर्णिमा धरून तिकीट काढते. बाबा, तोवर खडकांवर एकटे जाऊ नका. आणि आई, गुडघ्याचं औषध मध्येच सोडू नकोस.

तुमची,
सुमी