आजीची मुदी

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ
दसऱ्यानंतरचा रविवार

चि. गौरव,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच ठेवला. तू "आई, ऐकून तर घे" म्हणत होतास आणि मी ऐकलं नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर माझं बोलणं भांडणासारखं होतं, म्हणून लिहायला बसले. अंगणवाडीच्या रजिस्टरांनी एवढी सवय लावली आहे की लिहिताना मी थांबून विचार करते.

पाकिटात आपट्याची पानं आहेत. बाबांनी दसऱ्याला तुझ्या वाट्याचं सोनं देव्हाऱ्यात काढून ठेवलं होतं. पानं वाळली आहेत, पण टाकू नको.

आता मुद्द्याचं. साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, प्रणालीला हिऱ्याची अंगठी घालायची, ती तू बुक केलीस, आजीची मुदी, म्हणजे ती जुनी सोन्याची अंगठी, मोडीत द्यायची, आणि उरलेल्या पैशांचे बारा हप्ते. हे सगळं तू एका दमात सांगितलंस. मी मुदीवरून भांडले, पण मला टोचलं ते हप्त्यांचं. हप्त्यांवर या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे. मुदीचंच सांगते.

तू ती कधी हातात घेऊन नीट पाहिलीस का? लहानपणी माझ्या बोटातली फिरवत झोपायचास, तेवढंच. काल मी ती पेटीतून काढली. रिठ्याच्या कोमट पाण्यात घातली, तुझ्या जुन्या ब्रशने हलक्या हाताने घासली. वरच्या चकतीवर रव्याचं फूल आहे. मधे एक रवा, भोवती सहा. त्यातला एक गळालेला आहे, तिथे खळगा दिसतो. हे रवे साच्यातले नाहीत. सोन्याचे बारीक तुकडे कोळशावर तापवले की वितळून आपोआप गोल होतात, मग एकेक चिमट्याने उचलून डाक लावून, म्हणजे झाळून, बसवायचा. आपल्या गावच्या सोनारबुवांना मी लहान रवे करताना पाहिलं आहे. फुंकणीने फुंकताना ते श्वाससुद्धा मोजून घ्यायचे. आतल्या बाजूला कसोटीवर घासल्याची सपाट जागा आहे. खालचा भाग, जो तळहाताकडे येतो, तो कागदासारखा पातळ झाला आहे. विळ्याच्या मुठीने, पाट्यावरच्या वरवंट्याने आणि कापूस वेचून वेचून.

मामाजींच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या, वहीत तिचं वजन लिहिलेलं आहे, चार मासे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तो जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, आता सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. म्हणजे मुदी 3.89 ग्रॅम भरायला हवी. गेल्या महिन्यात यवतमाळला काट्यावर ठेवली तर 3.78 भरली. हिशोब करून पाहा, जवळजवळ एक गुंज कमी झाली. आगीत गेली नाही, कोणी कापून घेतली नाही. तीन बायकांच्या बोटांवर झिजली.

तुला वाटतं ती आत्याबाईंसाठी, म्हणजे तुझ्या आजीसाठी, घडवली. तसं नाही. त्यांचं लग्न 1964 चं. त्याच्या आदल्या वर्षी मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सोने नियंत्रण आलं. 14 कॅरेटपेक्षा चोख नवा दागिना घडवायला बंदी. गावोगावचे सोनार बसून राहिले. 14 कॅरेट म्हणजे शंभरात साडेअठ्ठावन्न भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. तसलं सुनेच्या अंगावर घालायचं नाही, असं तुझ्या पणजीने ठरवलं, आणि स्वतःच्या बोटातली मुदी उतरवून दिली. तेव्हा आपल्याकडे साक्षगंधात अंगठी असायचीच असं नाही. कुंकू, लुगडं, साखर, नारळ, झालं. अंगठ्यांची अदलाबदल मागाहून आली. आपल्या घरात मात्र तेव्हापासून साक्षगंधाला ही मुदीच आहे. आत्याबाई शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरहून दारव्ह्याला उतरल्या आणि पुढे बंडीने घरी आल्या, तेव्हा ती बोटात होती. घरातल्या नव्या नवरीला कोणी जुनं घातलं म्हणून हिणवलं नाही.

माझं लग्न 1993 चं. तेव्हा सोनं दहा ग्रॅमला चार हजारांच्या घरात होतं आणि माझ्या बापाला तेही डोंगराएवढं वाटलं. आज लाखाच्या वर गेलं. त्याने मला गळ्यात एकदाणी घातली, आत्याबाईंनी बोटात मुदी. पहिल्या वेचणीला माझं बोट सुजलं, बोंडाचं टोक लागून रक्त आलं. मुदी काढायला लागले तर आत्याबाई म्हणाल्या, "काढू नको वो पोरी, बोट सुजलं त सुजू दे. आपोआप उतरते." शेजारच्या सरीत बसून त्यांनी माझ्या ओटीतला कापूस निवडून दिला. त्या रव्यांत रुईचा धागा अडकला होता. संध्याकाळी सुईने काढला. मला अजून तो धागा दिसतो.

तू म्हणालास, "त्यावर हॉलमार्क नाही, आता कोण विचारतं." राजा, हॉलमार्कची सक्ती विकणाऱ्यावर आहे. 16 जून 2021 पासून ती सुरू झाली, आणि आता नव्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, एचयूआयडी, असावा लागतो. नवीन घेशील तेव्हा भिंगाखाली तो बघ आणि मोबाईलवर बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, ॲपमध्ये टाकून ताड. घरातलं जुनं सोनं त्याने खोटं ठरत नाही. यवतमाळला मी मुदी मशीनखाली ठेवून घेतली, न वितळवता कळतं. हजारात 840 आली. वीस कॅरेटच्या थोडी वर. चकतीचं सोनं त्याहून चोख आहे, सांध्याच्या डाकेने कस उतरतो.

आता कागदपेन्सिल घे. 3.78 ग्रॅमच्या मुदीत चोख सोनं 3.17 ग्रॅम. तुझी हिऱ्याची अंगठी 18 कॅरेटची, कारण हिरा धरून ठेवायला सोनं कडक लागतं. 18 कॅरेट म्हणजे हजारात 750. त्यात सोनं तीन ग्रॅम आहे असं तूच सांगितलंस, म्हणजे चोख सव्वादोन. आपल्या घरातून 3.17 जाऊन 2.25 येणार. मोडीत घट धरतात ती वेगळी, नव्याची मजुरी वेगळी, शेकडा 3 जीएसटी वेगळा. मजुरी कधीच परत मिळत नाही. हिरा परत द्यायला गेलास तर घेतल्या भावाने कोणी घेणार नाही. आणि वर बारा महिने...

बघ, लिहिलंच मी. जाऊ दे.

तू पगारदार आहेस, कोणाच्या दारात जात नाहीस, हे मला कळतं. विहिरीवरची मोटर तू बसवून दिलीस, बाबांच्या गुडघ्याचा खर्च तू केलास. बचत गटात बायका "गौरवची माय" म्हणून मला पुढे बसवतात. मी तिथे बसते तेव्हा तुझाच विचार असतो डोक्यात. तू कमवायला शिकलास त्याचा मला अभिमान आहे. पण कमावणारा माणूसच हप्त्यात सापडतो, कारण देणारा त्याच्याच मागे लागतो. ज्याच्याकडे काही नाही त्याला कोण देतं? पगार चालू आहे तोवर हप्ता हलका वाटतो. कंपनीने उद्या लोक कमी केले तर? तू आजारी पडलास तर? घरभाडं, गाडीचा हप्ता आहेच, त्यात हा, मग लग्नाचा, मग...

पुन्हा मी शिकवायला लागले. माफ कर. तुझ्या वयाच्या मुलाला असं सांगणं बरं नाही, हे मला कळतं. तरी हे लिहिलेलं खोडत नाही, कारण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, ती आज सांगते.

2017 आठवतं तुला? तू अमरावतीला दुसऱ्या वर्षाला होतास. बोंडअळीने सगळं नेलं. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. दुसऱ्या वेचणीला माणसं लावावी एवढाही कापूस नव्हता. तुझी फी, खताची उधारी, बँकेचं जुनं पीककर्ज. मी एकदाणी आणि मुदी दोन्ही तारण ठेवली. तुला सांगितलं की एकदाणी सुमीच्या लग्नात दिली. दिली नव्हती. मुदत टळली, आम्ही नूतनीकरण केलं, व्याज चढलं, नोटीस आली. ती बाबांनी खिशात ठेवली, मला दाखवली नाही. मग एकदाणीचा लिलाव झाला. माझ्या बापाची होती ती. कोणाच्या गळ्यात आहे कोण जाणे. बहुतेक मुशीत गेली असेल.

लिलावाचं कळलं त्या दिवशी बाबा वावरात गेले आणि दिवेलागणीला घरी आले नाहीत. मी बॅटरी घेऊन निघाले. धुऱ्याने गेले नाही, सरळ विहिरीकडे गेले. पाण्यावर बॅटरी मारली. किती वेळ मारली कोण जाणे. मग मागून खोकल्याचा आवाज आला. बाबा मचाणाखाली बसून किडकी बोंडं वेगळी करत होते. अंधारात. मला म्हणाले, "काऊन आलीस? येतच होतो ना." मी काही बोलले नाही, शेजारी बसून बोंडं निवडायला लागले.

हप्ता हा शब्द ऐकला की मला ती विहीर दिसते. तुझा त्यात काही दोष नाही. तुझ्या फीसाठी गेली म्हणून मला कधी वाईट वाटलं नाही, आजही नाही. तू हे वाचून मनाला लावून घेशील आणि नवी एकदाणी घेऊन येशील, तेही नको. तेही हप्त्याने घेशील.

मुदी मात्र सुटली. 2019 च्या उन्हाळ्यात तूर विकली आणि बाबा एकटे जाऊन घेऊन आले. प्लास्टिकच्या पुडीत, वर नंबराची चिठ्ठी. घरी येऊन त्यांनी ती माझ्या हातात दिली नाही, आधी आत्याबाईंच्या फोटोसमोर ठेवली. म्हणून ती मोडू म्हणालास तेव्हा माझा तोल गेला.

सोन्याला गंज चढत नाही. हवा, पाणी, घाम, काही धरत नाही. म्हणूनच पणजीचं झिजलं तरी पणतसुनेच्या बोटात येतं, आणि अडीनडीला सोडवूनही आणता येतं. लोखंडाच्या विळ्याला दोन पावसाळ्यांत गंज खातो. कापसाला आपण पांढरं सोनं म्हणतो, पण तो एका अळीने जातो.

प्रणालीला नवी आवडत असेल तर तिचं चुकलं नाही. तिच्या वयाला मलाही मैत्रिणीची खड्याची अंगठी आवडली होती. पण तू तिला विचारलंस का? फोनवर तू "तिला आवडेल" म्हणालास, "तिने मागितली" म्हणाला नाहीस. मुदी माझ्याजवळच आहे, तिला त्या गळालेल्या रव्याच्या खळग्याचं सांग, पणजीचं आणि आत्याबाईंचं सांग. विहिरीचं सांगू नको. मग ती म्हणेल तसं करा. नवीनच हवी म्हणाली तर साधी, जेवढे पैसे हातात आहेत तेवढ्याची घे, मुदी मी सांभाळते. बुकिंगचे दिलेले पैसे बुडाले तर बुडू दे.

मुदी तिच्या मापाची करायची तर एक लक्षात ठेव. खालचा भाग पातळ आहे. ठोकून वाढवायला दिली तर तिथेच फाटेल. तिथे नवा तुकडा जोडून घ्यायचा, आणि रव्यांवर आच जाऊ द्यायची नाही, नाहीतर डाक सुटून बाकीचे सहाही गळतील. पुण्याच्या दुकानात देऊ नको, मशीनवर घासून चकचकीत करतात आणि फुलाची धार जाते. इथे सोनारबुवांचा मुलगा आहे, तो माझ्यासमोर बसून करील. घट काय होईल ती मी डोळ्यांनी पाहीन.

त्यासाठी मला प्रणालीच्या बोटाचं माप लागेल. डाव्या हाताची अनामिका. संध्याकाळी माप घे, सकाळी बोट बारीक असतं. दोरा पेराच्या गाठीवरून सहज उतरला पाहिजे. जिथे जुळतो तिथे शाईची खूण कर आणि दोरा सरळ करून चिठ्ठीला चिकटव. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त आहे, म्हणजे दिवाळीआधी माप मिळालं तर वेळेत होईल. विलासकाका पुढच्या शनिवारी पुण्याहून निघणार आहेत, त्यांच्याजवळ दे. दोरा सुती घे, नायलॉनचा ताणतो.

बाबा बरे आहेत. सीतादही, वेचणीआधीची वावरातली पूजा, झालं, पहिली वेचणी सोमवारपासून.

तुझी,
आई

ता. क. पत्र बाबांनी वाचलं. मला वाटलं विहिरीचं वाचून रागावतील. काही बोलले नाहीत. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "पहिला हप्ता कटला का ते विचार त्याले." म्हणून विचारते.