चाकू बदलला आहे, खिसा तोच

ती. आई-बाबांस, सा. नमस्कार.

बाबा, बंडीच्या खिशातला जुना चाकू शोधू नका. तो मी पुण्याला आणला आहे. आधी विचारायला हवं होतं, पण तुम्ही "बघू" म्हणाला असतात, आणि तुमचं "बघू" मला ठाऊक आहे. त्याच्या जागी नवा ठेवला आहे. खिशात चाकूच नको असं माझ्या मनातही नाही. मिरीचे वेल पोफळीला बांधायचे, केळीचं पान आणायचं, खताच्या पिशवीची शिवण सोडायची, चाकूशिवाय तुम्ही बागेत कसे फिराल?

जुना राहू देणं मात्र धोक्याचं होतं. त्याचं पातं झिजून कडुलिंबाच्या पानाएवढं झालंय, ते चाललं असतं. खरी खोट पाठीच्या पट्टीत आहे. त्याला लॉक नाही. ती पट्टी स्प्रिंगसारखी दाबून धरते म्हणून पातं उघडं राहतं. आता पट्टी झिजली आणि खिळाही सैल झाला. नुसतं चिरताना जोर धारेवर येतो, तोवर काही होत नाही. पण नारळाचा डोळा काढायला टोक खुपसलं की पातं बोटांवर मिटतं. मधल्या बोटाचं तेच झालं. शिवाय टोकाकडे निळी झाक आहे, ती धारवाल्याच्या चाकावरची. पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं की असा रंग चढतो आणि तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. म्हणून तुम्ही कितीही घासलंत तरी तिथे धार टिकत नव्हती. तुमच्या हाताचा दोष नव्हता तो, बाबा.

नव्याचं पातं ८ सेंटिमीटरचं, स्टेनलेसचं आहे. लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल माझ्या मनात होता, पण त्याचं बीचचं लाकूड ओल लागली की फुगतं आणि पातं आत रुतून बसतं. आपल्या आषाढात तो काय कामाचा? म्हणून नायलॉनची जाड मूठ घेतली, सांधे धरले असले तरी पकडता येईल अशी. पात्यावर अंगठ्यासाठी बोंड आहे, नखाने ओढायला नको. आई, कैरी किंवा रातांबा चिरलास तरी चाकू काळा पडणार नाही, फक्त धुऊन पुसून ठेव.

उघडताना "टक्" आवाज आलाच पाहिजे. आतली पट्टी पात्यामागे सरकून बसते तो हा आवाज. मिटताना ती अंगठ्याने बाजूला दाबायची, पातं थोडं कललं की अंगठा काढायचा आणि मग मिटायचं. काथ्याचा भुगा आत साचला तर पट्टी अर्धीच बसते, लॉक लागल्यासारखं वाटतं आणि निसटतं. तेव्हा दर रविवारी जुन्या टूथब्रशने झाडा आणि सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडा. खोबरेल तिथे नको, थंडीत गोठतं आणि एरवी धूळ धरतं. फणस कापताना पात्याला मात्र खोबरेलच लावा, म्हणजे चीक बसत नाही.

धारेसाठी दोन बाजूंचा दगड पाठवला आहे, ४०० ची बाजू खरखरीत, १००० ची गुळगुळीत. दहा मिनिटं पाण्यात भिजवा, खाली ओला पंचा घाला म्हणजे सरकणार नाही. पात्याची पाठ दगडापासून पेन्सिलीच्या जाडीएवढी उचलून धरा. कोन बदलला नाही पाहिजे, तेवढंच महत्त्वाचं. खरखरीत बाजूवर एका अंगाने घासत राहा, दुसऱ्या अंगाला बारीक लव लागली की पालटा. मग गुळगुळीत बाजूवर हलक्या हाताने, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलटं, म्हणजे पाठ पुढे ठेवून, ओढा. ह्याच हातांनी तुम्ही माझ्या पेन्सिलींना टोकं काढलीत, पपईच्या देठाच्या पिपाण्या केल्यात. तुम्हाला मी शिकवावं हे बरं दिसत नाही, पण हे पोलाद जुन्यापेक्षा हट्टी आहे. आणि धार अंगठ्यावर नाही बघायची, वर्तमानपत्राच्या कागदावर बघायची.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे विसरू नका. कापलंच तर स्वच्छ कापडाने पंधरा मिनिटं घट्ट दाबून धरायचं, मध्ये उचलून बघायचं नाही. हळद-चुना भरायचा नाही. तरी थांबलं नाही तर लगेच दवाखाना. गोळी मनाने बंद करायची नाही. आई, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं ते फाइलमध्ये बघून मला कळव.

कोयकलमांना हा चाकू वापरू नका. धार दोन्हीकडून आहे, त्यामुळे पाचरेचा काप सपाट येत नाही, फट राहते आणि कलम जळतं. एका बाजूने धारेचा कलमचाकू आईच्या शिवणाच्या डब्यात आहे.

आता रागवाल ते सांगते. कोयता मी माळ्यावर ठेवला आहे. मंगळवारी आणि शनिवारी गडी येईल, पैसे दिलेले आहेत. तो दर खेपेला दहा नारळ सोलून ठेवेल, चुलीची लाकडं हातभर तोडून पडवीत रचेल. आई, बंबाला लाकूड कमी पडणार नाही. बाबा, कुठली झावळी पाडायची, कुठला नारळ उतरवायचा, हे तुम्हीच सांगायचं. त्याला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही खुर्ची टाकून सोप्यात बसा.

नव्या चाकूला नारिंगी दोरी लावली आहे, गवतात पडला तरी दिसेल. आई, तू विणलेली जुनी दोरी मी सोडली नाही, ती जुन्या चाकूलाच आहे. खिळा नवा ठोकून, पट्टी बदलून, गणपतीला येताना घेऊन येते. गणपतीवरच्या माटवीला नारळ-सुपाऱ्या बांधायची सुतळी त्यानेच कापा, पण खाली बसून, आणि टोक न खुपसता.

तुमची,
धाकटी