गेमला १० पैकी किती, एवढंच का छापता?

संपादक महोदय,
तुमच्या पुरवणीत पिक्चरचं परीक्षण दोन कॉलम येतं, पण कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम मशीनच्या, गेमला चार ओळी आणि खाली १० पैकी आकडा, हे काही बरोबर नाही. एकेक डिस्क चार-साडेचार हजारांना पडते हो, माझ्या मुलाने मागच्या दिवाळीत पैसे साठवून असाच एक ९ वाला गेम घेतला आणि आमच्या जुन्या कन्सोलवर तो सारखा अडकायचा, पोराचं तोंड एवढंसं झालं. डिसेंबर २०२० मध्ये सायबरपंक २०७७ या गेमचं हेच झालं ना, रिलीजआधी रिव्ह्यूवाल्यांना फक्त पीसीची कॉपी दिली, मार्क भरपूर पडले, आणि सोनीच्या प्लेस्टेशन ४ कन्सोलवर तो इतका वाईट चालला की सोनीने स्वतःच्याच स्टोअरमधून काढला, रिफंडही दिले. जपानच्या फामित्सू या गेमच्या मॅगझिनमध्ये चार जण वेगवेगळे १० पैकी मार्क देतात, मग बेरीज ४० पैकी, म्हणजे कोणाला आवडला नाही हे तरी कळतं. कुठल्या मशीनवर खेळलात, किती तास, शेवटपर्यंत गेलात का, एवढं प्लीज लिहाच, आकडा नाही छापला तरी चालेल.

– एक पालक, कोथरूड, पुणे