फुकटच्या खोलीबद्दल

9 नोव्हेंबर 2025

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी गप्प झाले ती रागाने नव्हे. तू बोलत होतीस आणि मी मनात बेरीज करत होते. जन्मभर पगारपत्रकं केली की ही खोड सुटत नाही. तू म्हणालीस, लेस्टरमध्ये एका कुटुंबाच्या घरात खोली मिळतेय, भाडं नाही, बिलं नाहीत, जेवण त्यांच्याकडेच, वर आठवड्याला 40 पाउंड हातखर्चाला. त्याबदल्यात सोमवार ते शुक्रवार सव्वातीनला दोन्ही मुलांना शाळेतून आणायचं, साडेसहाला त्यांची आई येईपर्यंत सांभाळायचं, आणि शनिवारी चार तास साफसफाई आणि इस्त्री. "हे काम थोडंच आहे आई, घरातल्यासारखंच आहे," असंही म्हणालीस. ते मात्र कायद्याच्या दृष्टीने खरं नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू मध्येच "हो हो, कळलं" म्हणतेस.

आधी बेरीज. रोज सव्वातीन तास, पाच दिवसांचे सव्वासोळा. शनिवारचे चार धरले की सव्वावीस. तुझ्या ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. म्हणजे कॅफेचे आठ तास बाजूला ठेवले तरी एकट्या या घरानेच मर्यादा मोडते. कॅफे धरून सव्वाअठ्ठावीस. आठवडा सोमवारी सुरू होतो, रविवारी संपतो, आणि सरासरी चालत नाही. या आठवड्यात 12 तास केले म्हणून पुढच्या आठवड्यात 28 करता येत नाहीत. सगळ्या ठिकाणचे तास एकत्र मोजतात, आणि बिनपगारी काम असलं तरी ते मोजतातच. पैसे हातात पडले नाहीत म्हणून ते काम नव्हे, असं तिथल्या नियमांत नाही. खोली आणि जेवण हाच तुझा मोबदला.

त्या बाई म्हणाल्या ना, "आपण व्हॉलंटिअर लिहू"? तसं होत नाही. ती सवलत सेवाभावी संस्थेत किंवा सरकारी संस्थेत स्वेच्छेने मदत करणाऱ्याला आहे, जिथे खर्चापलीकडे काही मिळत नाही आणि ठरलेल्या वेळी यायचं बंधन नसतं. खाजगी घरात मुलं सांभाळणं त्यात बसत नाही. "फ्रीलान्स दाखवू" म्हणाल्या तर ते आणखी वाईट, कारण स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा एक तासही करता येत नाही. मुलं सांभाळायची कामं मिळवून देणारी ती अ‍ॅपं असतात ना, ती बहुतेक याच कारणाने तुझ्यासाठी बंद समज.

त्यांच्याकडची आधीची मुलगी ओ पेअर, म्हणजे राहण्या-जेवणाच्या बदल्यात मुलं सांभाळणारी परदेशी मुलगी, होती म्हणतात. तो काळ गेला. ब्रिटनमध्ये ओ पेअरसाठी वेगळा व्हिसा आज नाही. भारतीयांसाठी यंग प्रोफेशनल्स योजना आहे, वय 18 ते 30, वर्षाला 3000 जागा, पण त्याची सोडत असते आणि अर्ज ब्रिटनच्या बाहेरून करावा लागतो. घरकामगारांचा व्हिसा आहे तो परदेशातून मालकाबरोबर येणाऱ्यांसाठी, तोही निदान वर्षभर त्याच मालकाकडे काम केलेलं असेल तर, आणि सहा महिन्यांचाच. तू विद्यार्थिनी म्हणून गेलीस, तर तुला विद्यार्थिनीचेच नियम.

आता पैशाचं. "फुकट खोली" हे मला सगळ्यात जास्त खटकलं. 1 एप्रिल 2025 पासून वर्षभरासाठी 21 वर्षं आणि त्यावरच्यांना तासाला 12.21 पाउंड हे किमान वेतन ठरलेलं. घरात कुटुंबातल्यासारखं राहणाऱ्या कामगाराला पूर्वी यातून वगळत असत, ती पळवाट 1 एप्रिल 2024 पासून बंद झाली. सव्वावीस तासांचे झाले 247.25 पाउंड. मालक खोली देत असेल तर त्याच वर्षाच्या दराने वेतनापोटी दिवसाला जास्तीत जास्त 10.66 पाउंड, म्हणजे आठवड्याला 74.62 एवढेच धरता येतात. जेवणाचे शून्य. मग रोख राहिले 172.63. त्या देतात 40. दर आठवड्याला 132.63 पाउंड तुझ्याकडून त्यांच्या खिशात जातात आणि तू मात्र त्यांचे आभार मानतेस! बाई वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनी हा हिशेब कधी मांडलाच नसेल.

आणि तू विचारणार नाहीस, हे मला माहीत आहे. आठवीत असताना मावशीने सांगितलं म्हणून तिच्या दोन्ही पोरांचा गृहपाठ तू वर्षभर घेतलास, स्वतःच्या परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा. आप्पा म्हणायचे, "ही कोणाच्या घरी पाणी प्यायली तरी त्यांची भांडी घासून येईल." तेव्हा आम्ही हसायचो. चांगुलपणा म्हणूनच बघायचो त्याच्याकडे, आणि होताच तो. पण लेस्टरमध्ये त्याच चांगुलपणाचे तास मोजले जातात.

जाऊ दे, पुन्हा तेच झालं. उपदेश करायला बसले नव्हते.

तू गोंधळू नयेस म्हणून सांगते, घरात राहून आपलं आपण करणं हे काम नव्हे. चार मुलींनी घर घेतलं, आळीपाळीने स्वयंपाक केला, बाथरूम धुतलं, तर त्यात कोणी मालक नाही. ताईच्या मुलाला एखाद्या संध्याकाळी बघितलंस तरी हरकत नाही. फरक दोन गोष्टींत पाहायचा. वेळ ठरलेली आहे का, आणि "आज जमणार नाही" म्हटलं तर राहण्याची जागा धोक्यात येते का? तुझ्या बाबतीत दोन्हीचं उत्तर हो. मावशी मार्चमध्ये तिच्या वैशूच्या बाळंतपणाला तिकडे चालली आहे, तिचं वेगळं. ती व्हिजिटर व्हिसावर जाते, नातवाला सांभाळते, मोबदला घेत नाही, आणि ठरल्या दिवशी परत येते. आपल्या माणसांना भेटायला जाऊन काही दिवस मूल सांभाळलं तर ते चालतं. "मावशीला चालतं मग मला का नाही" असं मनात आलं असेल, म्हणून लिहिलं.

मला झोप येत नाही ती मात्र पैशावरून नाही. खोली आणि काम एकाच दाराला बांधलेलं असणं, हे मला नको वाटतं. मालकाच्याच घरात राहणाऱ्याला काढायला कोर्टाचा आदेश लागत नाही, वाजवी मुदतीची नोटीस पुरते, आणि ती वाजवी मुदत किती यावर तू नोव्हेंबरच्या थंडीत रात्री नऊ वाजता कोणाशी भांडणार? मुलगा पडला, इस्त्रीने शर्ट जळला, त्यांच्या आईशी खटका उडाला, की काम गेलं आणि डोक्यावरचं छप्परही गेलं. तास जास्त झालेले असतील तर तक्रार करायलाही तू कचरशील. "व्हिसाचं कळवू" एवढं बोललं की माणूस गप्प बसतो. अशीच तर अडकतात मुली. पहिल्या महिन्यात सगळे गोड असतात. मग शुक्रवारी "जरा रात्री मुलांकडे बघशील? आम्ही जेवायला जातोय" सुरू होतं. तू वर तुझ्या खोलीत अभ्यास करत असलीस तरी मुलांची जबाबदारी तुझ्यावर असेल, तर ते तास कामाचेच. सव्वावीसचे चोवीस कधी झाले, तुला कळणारही नाही.

व्हिसाची अट मोडली तर तो रद्द होऊ शकतो, आणि विद्यापीठाला कळलं तर त्यांना ते ब्रिटनच्या गृह खात्याला कळवावं लागतं. पुढे तू ग्रॅज्युएट व्हिसासाठी, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायच्या व्हिसासाठी, अर्ज करणार. 2025 च्या दराने त्याचे 880 पाउंड आणि आरोग्य अधिभार वर्षाला 1035, दोन वर्षांचे 2070. हे भरून झाल्यावर जुना प्रश्न निघावा, असं मला वाटत नाही. घराच्या कर्जाचं मी मुद्दाम लिहीत नाही, ते दादा बघतोय. पण तुझं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत मी श्वास रोखूनच आहे, हे खरं.

काम करूच नको असं मी म्हणत नाही. मुलं सांभाळण्यात कमीपणा नाही, आणि तू ते छान करतेस. करायचंच तर सरळ मार्गाने कर. शनिवारचं काम सोड, म्हणजे सव्वासोळा तास उरतात. मग कॅफेत पावणेचार तासच राहतील, त्यापेक्षा पंधरा मिनिटंही जास्त नाहीत. बाईंना तुझा शेअर कोड दे. त्यावरून त्या सरकारी संकेतस्थळावर तुझा कामाचा हक्क तपासतील आणि 20 तासांची अट त्यांना तिथेच दिसेल. विद्यापीठाच्या सत्राच्या तारखाही त्यांनी तुझ्याकडून लेखी घेऊन ठेवायच्या असतात. तुझी दुसरी नोकरी आहे, म्हणून त्यांना मालक म्हणून पीएवायईमध्ये, म्हणजे पगारातून कर कापून भरायच्या पद्धतीत, नोंदणी करावी लागेल. पगाराची पावती, भरपगारी सुट्टी, सगळं लेखी. नॅशनल इन्शुरन्स नंबर (पगारावरचा कर आणि विमा ज्यावर नोंदतात तो) अजून आला नसेल तरी काम सुरू करता येतं, त्यावर अडू नको. हे ऐकून त्या मागे सरल्या तर बरंच झालं. न तपासता ठेवलं आणि काम व्हिसाच्या अटीबाहेरचं निघालं तर पहिल्याच वेळी एका माणसामागे 45,000 पाउंडांपर्यंत दंड त्यांनाच होऊ शकतो. शांतपणे सांग, धमकी वाटेल असं नको.

नाताळच्या सुट्टीत पूर्णवेळ काम करता येतं, पण विद्यापीठाने छापलेल्या तारखांतच. उन्हाळ्याचं मात्र नीट ऐक. बीएवाल्या मुलांना तेव्हा सुट्टी असते. तुम्हा मास्टर्सवाल्यांचा प्रबंध चालू असतो, आणि तो काळ विद्यापीठ सहसा सत्रातच धरतं. जूनमध्ये मैत्रिणी 40 तास करतायत म्हणून तू करू नको. त्या बीएच्या असतील.

एका वहीत रोज लिही. तारीख, कुठे, कितीपासून कितीपर्यंत. निळी डायरी दिली होती ती रिकामीच असेल. रोटा, म्हणजे कामाच्या पाळ्यांचा तक्ता, आणि पगाराच्या पावत्यांचे फोटो काढून मेलवर ठेव. पासपोर्ट कोणाच्याही कपाटात ठेवू नको, "सुरक्षित राहील" म्हणाले तरी. व्हिसाचं प्लास्टिकचं कार्ड आता नाही, सगळं ई-व्हिसावर आहे, तेव्हा यूकेव्हीआय (ब्रिटनचा व्हिसा विभाग) खात्याचा पासवर्ड फक्त तुझ्याकडे. घर बदललंस तर पत्ता त्या खात्यातही बदल आणि विद्यापीठालाही कळव.

आणि माझ्यावर विश्वास ठेवू नको. विद्यापीठात आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचा व्हिसा सल्लागार असतो, त्याच्याकडे जा. फुकट असतं. वेतनाचं काही असेल तर एकास या नोकरीविषयक सल्ला देणाऱ्या संस्थेची हेल्पलाइन आहे. राहण्याचं असेल तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ही सल्ला देणारी संस्था किंवा विद्यार्थी संघटनेचं कार्यालय. नुसता सल्ला विचारला म्हणून कोणी तुला पकडून देत नाही. जायच्या आधी काय विचारायचं ते लिहून ने, नाहीतर तू त्यालाच चहा करून देऊन परत येशील.

सामान अजून हलवलं नाहीस ना? फोनवर नीट कळलं नाही. हलवलं असलंस तरी हरकत नाही. त्या घरात पैसे देऊन भाडेकरू म्हणून राहता येत असेल तर तेही विचार. मग मुलांकडे बघायचं की नाही, हे तुझ्या मर्जीवर. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, तेवढं लक्षात ठेव. दादा म्हणाला, एक तारखेनंतर पहिल्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट तो पाठवेल. नको म्हणू नकोस. तू नको म्हणणार हे गृहीत धरून त्याने आधीच तुझा खाते क्रमांक माझ्याकडून घेतलाय.

सल्लागाराची वेळ मिळाली की मला फोन कर. मिळाली नाही तरी कर.

तुझी
आई