शनिवारपासून सर्व्हरची घड्याळं हळूहळू मागे आणायचीत

मंडळी, अंबड आणि सातपूर दोन्हीकडचे सर्व्हर बघणाऱ्यांनी हे नीट वाचा. आपले सर्व्हर ४० सेकंद पुढे पळतायत. शनिवारी रात्री ९ वाजता एनटीपीडी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) 'मायनस एक्स' (-x, वेळ हळूहळू जुळवायचा पर्याय) लावून सुरू करायचंय, बरोबर वेळेचा सोर्स दिल्लीच्या एनपीएलचा (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा).

एका झटक्यात टाईम मागे घेतला तर तेच ४० सेकंद परत येतात, डेटाबेसमध्ये नंतरची एन्ट्री आधीची दिसते, आणि डिस्पॅचची बिलं त्याच टाईमवर निघतात, म्हणून हा धोका घ्यायचाच नाही. मायनस एक्सने घड्याळ फक्त थोडं हळू चालतं, वेळ उलटी जात नाही. पण स्पीड सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद, म्हणजे १ सेकंद कमी व्हायलाच ३३ मिनिटं, ४० ला साधारण सव्वाबावीस तास. रविवारी संध्याकाळी साडेसातपर्यंत धीर धरा प्लीज.

- कुणीही हाताने डेट कमांड किंवा एनटीपीडेट (दोन्ही वेळ एका झटक्यात बदलतात) मारू नका, कितीही घाई असली तरी
- व्हर्च्युअल मशीनवर होस्टकडून (ते ज्या मूळ सर्व्हरवर चालतं त्याच्याकडून) टाईम घेणारं सेटिंग आधीच बंद करा, नाहीतर होस्ट आणि एनटीपीडी एकमेकांशी भांडत बसतील
- एनटीपीक्यू मायनस पी (ntpq -p कमांड) मारून ऑफसेट, म्हणजे बरोबर वेळेपासूनचा फरक, बघत राहा. सुरुवातीला मायनस ४०००० च्या आसपास दिसेल, ते मिलिसेकंद आहेत, घाबरू नका, तासाला साधारण १८०० ने कमी व्हायला हवं. नाही झालं तर काही न करता आधी ग्रुपवर टाका

आकडा घसरतोय की नाही ते रविवारी सकाळी प्रत्येकाने इथे कळवा, रीस्टार्ट कुणी करायचा नाही.