कँटनच्या कारागिरांचे पंखे

लंडन

प्रिय सुमे,

सप्रेम नमस्कार. ग्रिनिचला पंख्यांचं एक संग्रहालय आहे, 1721 च्या जुन्या घरांत थाटलेलं. तिथे मनसोक्त हिंडून आले. तू चित्रकार, म्हणून तुलाच सविस्तर लिहितेय.

घडीचा पंखा मूळचा जपानचा. तिथून तो चीनमध्ये गेला आणि 16व्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून युरोपात उतरला. त्यांचं पूर्वेकडचं सगळं राज्य गोव्यातून चालायचं, पण आपला विंझणा काही घडी घालून घ्यायला तयार झाला नाही! लंडनच्या पंखेवाल्यांनी 1709 मध्ये राणी ॲनकडून आपल्या संघाची सनद मिळवली. आयात मालाने पोटावर पाय येतो ही त्यांची ओरड. मात्र युरोपातले पंखे रंगवणारे तेच पॅगोडे आणि छत्रीवाले चिनी काढत बसले होते. चीन बघितलेला कोण होता त्यांच्यात?

खरी गंमत दक्षिण चीनमधल्या कँटन बंदराची. तिथे 19व्या शतकात खास परदेशी गिऱ्हाइकांसाठी बनलेला ‘हजार चेहऱ्यांचा’ पंखा बघत मी किती वेळ उभी होते. कागदावर माणसांची नुसती दाटी. प्रत्येक चेहरा हस्तिदंताच्या इवल्याशा चकतीवर रंगवून चिकटवलेला, अंगावरचे झगे रेशमाच्या कपट्यांचे. मिटताना चेहरे उखडत कसे नसतील, देव जाणे. दुसऱ्या एकाच्या हस्तिदंती काड्यांवर जाळीकाम आणि मधोमध गिऱ्हाइकाची आद्याक्षरं. चिनी रसिक स्वतः मात्र शाईतलं चित्र किंवा चार ओळींची कविता असलेला साधा कागदी पंखा वापरायचे. म्हणजे युरोपला जसा चीन हवा होता, तसा कारागिराने मापाने शिवून दिला. मला तर तोच जास्त हुशार वाटला.

जपानची बंदरं 1850 नंतर उघडली आणि पॅरिसला पंख्यांचं वेडच लागलं. फ्रेंच चित्रकार मोनेने 1876 मध्ये बायकोला लाल किमोनो घालून उभं केलं, मागची भिंत पंख्यांनी भरून. मला ते चित्र नाटकी वाटतं. खरा शिकला तो दुसरा फ्रेंच चित्रकार, देगा. 1879 च्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या प्रदर्शनात त्याने स्वतः रंगवलेले पंखेही मांडले. त्याच्या पंख्यांत नर्तिका कडेला सरकवलेल्या, काही तर कापलेल्या, आणि मधली जागा बिनधास्त मोकळी. जपानी चित्रांतली ती मोकळी जागा त्याला उमगली होती, पॅगोडे काढणाऱ्यांना नाही.

तूही अर्धगोल कागदावर एखादं काढून बघ, आणि मध्ये काही भरू नकोस. फोटो पाठव. काकूंना नमस्कार.

तुझी,
मंजू